नावाआधीचा रोग : मानवी सायटोमेगॅलोव्हायरसच्या संशोधनाचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातील कारंजा या गावाचे नाव कागदोपत्री सहसा एकटे येत नाही. त्याच्या पाठोपाठ कंसात 'घाडगे' हा शब्द येतो. याचे कारण उघड आहे. वाशीम जिल्ह्यात नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले कारंजा (लाड) आहे आणि तिकडे कोकणात उरणजवळही एक कारंजा आहे. एकाच नावाची गावे अनेक झाली म्हणजे एकाचे टपाल दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून अशी कंसाची सोय करावी लागते. स्थलनामांच्या अभ्यासात या भेदक पदाला फार महत्त्व आहे. मूळ नाव साम्य सांगते, भेदक पद वेगळेपण सांगते. आणि गावचा माणूस बोलताना नेमके हे दुसरे पदच गाळतो, कारण त्याच्या लेखी कारंजा एकच असतो.

वैद्यकातील एका विषाणूच्या नावामागेही असेच भेदक पद लागलेले आहे. 'मानवी सायटोमेगॅलोव्हायरस' हे ते नाव. गिनीपिगचा सायटोमेगॅलोव्हायरस निराळा, उंदराचा निराळा, मानवाचा निराळा. आणि या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे संशोधनाचा काही काळ खोळंबाही झाला, हे पुढे येईलच. परंतु संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या आणि नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेल्या या तालुक्यात हा शब्द पोचतो तो असा पूर्ण रूपात नव्हे. गर्भ वारंवार न टिकणाऱ्या एखाद्या स्त्रीला नागपूरला, अमरावतीला किंवा वर्ध्याला तपासणीसाठी नेले जाते आणि परत येताना तिच्या हाती जो कागद असतो, त्यावर 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' एवढीच अक्षरे असतात. त्या कागदाचा अर्थ घरात कोणालाच लागत नाही. 'पॉझिटिव्ह' एवढा एकच शब्द ओळखीचा असतो आणि तो तर धास्ती घालणारा. ज्या विषाणूविषयी शंभराहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे, त्याला मराठीत बोलण्याजोगे नाव नसावे, ही केवळ परिभाषेची उणीव नाही. हे कसे घडले ते पाहावयाचे तर त्या विषाणूचा इतिहासच पाहिला पाहिजे. कारण हा इतिहास पुष्कळ अंशी चुकीच्या नावांचा इतिहास आहे.

प्रारंभ जर्मनीत झाला. इ. स. १८८१ मध्ये ह्यूगो रिबर्ट या विकृतिशास्त्रज्ञाला एका मृतजात अर्भकाच्या मूत्रपिंडात काही विलक्षण मोठ्या पेशी दिसल्या. त्या कशाच्या, हे त्याला उमगले नाही आणि त्याने ते निरीक्षण तसेच ठेवून दिले. पुढे १९०४ मध्ये येझिओनेक व किओलेमेनोग्लू या दोघांनी अशाच पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा रिबर्टला आपल्या जुन्या काचपट्ट्यांची आठवण झाली आणि तेवीस वर्षांपूर्वीचे पाहणे त्याने त्याच वर्षी छापले. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग थोडे नाहीत. वस्तू दिसलेली असते, परंतु तिला ठेवावयाला खण नसतो. आणि खण नसला की पाहिलेलेही न पाहिल्यासारखे होते.

१९०४ मध्ये जो खण मिळाला तो चुकीचा होता. त्या पेशी इतक्या मोठ्या आणि त्यांच्या केंद्रकातील ठिपका इतका ठसठशीत, की त्या मानवी शरीराच्या नसून बाहेरून शिरलेल्या आदिजीवांच्या असाव्यात, असे पाहणारांस वाटले. या समजुतीत मूर्खपणा काही नव्हता. हिवतापाचा आदिजीव नुकताच सर्वमान्य झाला होता; अमीबाजन्य आमांशाचे ज्ञान ताजे होते. त्या पिढीच्या डोळ्यांना आदिजीव पाहण्याची सवय लागली होती आणि डोळे सवयीचे पाहतात. १९०७ मध्ये लोवेनश्टाइन याला अर्भकांच्या कानशिलाजवळील लालाग्रंथींत त्याच पेशी आढळल्या. १९१० मध्ये अमेरिकेतील स्मिथ व वाइडमन यांनी तर पुढची पायरी गाठली. त्यांनी या काल्पनिक आदिजीवाला लिनियसच्या पद्धतीने रीतसर द्विपदी नाव दिले : 'एंटअमीबा मॉर्टिनेटॅलियम', म्हणजे मृतजातांचा अमीबा. भाषेच्या अभ्यासकाने या नावापाशी क्षणभर थांबावे असे ते आहे. व्याकरण निर्दोष, षष्ठीचे बहुवचन बिनचूक, आणि ज्याचे नाव तो प्राणीच अस्तित्वात नाही! वंध्यापुत्र आणि शशशृंग ही आपल्या नैयायिकांची आवडती उदाहरणे. त्यांच्या पंक्तीत या लॅटिन नावाला सहज बसविता येईल.

त्याच सुमारास मुंबईस काय चालले होते, तेही ध्यानात ठेवावे. हाफकिनची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली होती आणि तेथील सर्व बळ एका दृश्य, गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या रोगाशी झुंजण्यात खर्च होत होते. मृतजात अर्भकाच्या मूत्रपिंडाची चकती कापून पाहण्याची सवड तेथे कोणाला असणार? ज्या देशात अर्भकमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती, तेथे तिचे कारण विचारण्याची प्रथाच पडलेली नव्हती.

आदिजीवाची कल्पना मोडली ती १९२१ मध्ये. अमेरिकेतील गुडपाश्चर व टॅलबट यांनी असे प्रतिपादन केले की, त्या पेशी परक्या नसून शरीराच्याच आहेत आणि काही कारणाने फुगलेल्या आहेत. या फुगण्याला त्यांनी 'सायटोमेगॅलिया' म्हटले. कांजिण्यांच्या फोडांत टायझर याने १९०६ मध्ये जे पेशीबदल दाखविले होते, त्यांच्याशी असलेले साम्य त्यांनी दाखवून दिले. लिपश्युट्झ यानेही त्याच वर्षी नागीण-वर्गातील रोगांशी या पेशींची सांगड घातली. अशा रीतीने 'कोण शिरले आहे' हा प्रश्न बाजूस पडून 'पेशीला काय झाले आहे' हा प्रश्न पुढे आला. नावाची दिशा बदलली आणि तिच्याबरोबर शोधाचीही बदलली.

या नावाची व्युत्पत्ती मराठी वाचकास परकी वाटते, पण ती तितकी परकी नाही. ग्रीक 'किटॉस' म्हणजे पोकळ भांडे. 'मेगास' म्हणजे मोठा. आणि पुढे जोडला गेलेला लॅटिन 'वीरुस' म्हणजे विष. यांपैकी 'मेगास' हा संस्कृत 'महत्'चा आणि 'वीरुस' हा संस्कृत 'विष'चा सगोत्र आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने कधीच सिद्ध केले आहे. म्हणजे 'व्हायरस'साठी 'विषाणू' हा शब्द ज्यांनी योजिला त्यांनी भाषांतर तर केलेच, पण न कळत हरवलेल्या भावंडाची गाठही घालून दिली. घोटाळा आहे तो पहिल्या पदात. मराठीत 'सेल' म्हणजे पेशी आणि 'मसल' म्हणजे स्नायू. हिंदीत 'सेल' म्हणजे कोशिका आणि 'मसल' म्हणजे पेशी. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू मोजले आहेत. त्याच्या अर्थाने पेशी म्हणजे मांसाचा पुंज आणि स्नायू म्हणजे बंध. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून अखिल भारतासाठी एकच संस्कृतोद्भव परिभाषा घडविण्याचा प्रचंड उद्योग केला. पण वर्धा नदीच्या काठी जी पेशी, ती नर्मदेपलीकडे पेशी नव्हे, ही अडचण कोणत्याही कोशाला सोडविता आली नाही. नागपूर-वर्ध्याकडे हिंदी व मराठी या दोन्ही भाषांतील आरोग्यपत्रके वाचली जातात, तेथे ही अडचण पंडिती राहत नाही.

१९२१ नंतर तर्क जुळला, पण पुरावा नव्हता. १९२६ मध्ये कोल व कटनर यांनी गिनीपिगच्या लालाग्रंथींतील द्रव जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळला आणि गाळलेल्या द्रवानेही दुसऱ्या गिनीपिगला तीच विकृती होते, असे दाखविले. कारण विषाणूच आहे, हे गिनीपिगपुरते तरी सिद्ध झाले. १९३२ मध्ये फार्बर व वोल्बाख यांनी निरनिराळ्या कारणांनी दगावलेल्या १८३ बालकांच्या लालाग्रंथी तपासल्या आणि सुमारे १२ टक्क्यांमध्ये त्या मोठ्या पेशी आढळल्या. हा आकडा त्या काळी चमत्कारिक वाटला असला पाहिजे. जी विकृती विरळ आणि मारक समजली जात होती, ती इतर कारणांनी मेलेल्या मुलांतही गुपचूप वावरत होती. येथून या विषाणूच्या स्वभावाची खरी ओळख सुरू होते. तो बहुतेकांना गाठतो, थोड्यांना बाधतो आणि एकदा आला की जन्मभर शरीरात दडून राहतो.

मध्यंतरीच्या काळात या रोगाला 'लालाग्रंथी-विषाणूचा रोग' म्हणत. विकृतिशास्त्राच्या वर्गांत मात्र त्याची ओळख निराळ्याच प्रतिमेने पटविली जाते. फुगलेल्या पेशीच्या मध्यभागी गडद ठिपका आणि भोवती पांढरे वलय, म्हणून ती 'घुबडाच्या डोळ्यांची पेशी'. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला घुबड शहाणपणाचे प्रतीक वाटते. आपल्याकडे तान्ह्या मुलाची दुपटी तिन्हीसांजेनंतर बाहेर वाळत ठेवू नयेत, त्यांवर पाखराची सावली पडली तर मूल वाळते, असे घरोघरच्या वडीलधाऱ्या बाया सांगत आल्या. दोन प्रतिमांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तथापि कोमेजणारे तान्हे मूल आणि रात्रीचे पाखरू यांची जोडी दोन्हीकडे पडावी, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

१९५० मध्ये वायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या सर्वांगव्यापी स्वरूपाला नवे लांबलचक नाव दिले आणि मूत्रात त्या पेशी शोधाव्या असे सुचविले. १९५२ मध्ये फेटरमन याने तसे करून एका जिवंत अर्भकात रोगाचे निदान केले. तोपर्यंतची सत्तर वर्षे हा रोग केवळ शवविच्छेदनाच्या मेजावरच ओळखता येत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या मूत्रपरीक्षेचे मोल कळते.

यापुढील सहा वर्षे या इतिहासातील सर्वांत भरगच्च आहेत. एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतासंस्थेबाहेरील ऊतींच्या संवर्धनात वाढवून दाखविला होता. १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या नव्या तंत्राने अनेक प्रयोगशाळांत एकच धांदल उडविली. सेंट लुई येथील मार्गरेट स्मिथ या विदुषीने १९५४ मध्ये उंदराचा लालाग्रंथी-विषाणू उंदराच्याच ऊतींत वाढविला आणि लगेच मानवी विषाणूकडे मोर्चा वळविला. एका मृत बालकाच्या लालाग्रंथीतून तिने विषाणू वेगळा केलाही. पण हा मानवाचा नसून तिच्याच प्रयोगशाळेतील उंदराचा असेल, असा संशय घेतला गेला. भेदक पदाची गरज अशी प्रत्यक्षात उद्भवली. कारंजाचे टपाल कारंज्यालाच गेले, पण घाडग्यांच्या की लाडांच्या, हे ठरेना. स्मिथने दुसऱ्या एका बालकाच्या मूत्रपिंडातून तोच विषाणू पुन्हा मिळविला, तो उंदराच्या पेशींत वाढत नसून मानवी पेशींतच वाढतो असे दाखविले, आणि १९५६ मध्ये तिचे काम प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी बेथेस्डा येथे रो आणि त्यांचे सहकारी एका बालिकेच्या नाकामागील ग्रंथींचे संवर्धन करीत असता त्यांना अकस्मात हाच विषाणू सापडला. 'एडी १६९' या नावाचा तो वाण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. बॉस्टनला वेलर भलत्याच शोधात होता. एका आजारी अर्भकाच्या यकृताच्या तुकड्यातून टॉक्सोप्लाझ्मा हा आदिजीव मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती, आणि हाती लागला विषाणू. हे काम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. रिबर्टच्या पिढीने विषाणूची कृती पाहून तिला आदिजीव म्हटले. वेलरने आदिजीव शोधता शोधता विषाणू मिळविला. पन्नास वर्षांच्या अंतराने चूक आपल्याच वाटेने उलटी आली आणि फिटली. १९६० मध्ये वेलर, हॅन्शॉ व स्कॉट यांनी 'सायटोमेगॅलोव्हायरस' हे नाव सुचविले. 'लालाग्रंथी' हा शब्द दिशाभूल करतो, कारण विषाणू यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू कोठेही असू शकतो, हे आता उघड झाले होते. नव्या नावाने राहण्याचे ठिकाण सोडले आणि करणी धरली.

मराठी प्रदेशातील विषाणुसंशोधनाचा प्रवाह याच दशकात सुरू झाला, परंतु तो दुसऱ्या दिशेने वाहिला. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ मध्ये तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. केंद्राचा मूळ रोख डास, गोचीड, वाळूमाशी अशा कीटकांनी पसरणाऱ्या विषाणूंवर होता. १९६५ मध्ये नागपुरात डेंग्यू व चिकनगुनियाच्या तापाची साथ असता भट्ट व रॉड्रिग्ज यांनी दोन रुग्णांच्या रक्तातून एक अज्ञात विषाणू वेगळा केला आणि त्याला चांदीपुरा हे ठिकाणाचे नाव दिले. १९६७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे कित्येक वर्षे हा विषाणू निरुपद्रवी गणला जात होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वराने ग्रासले व १८३ दगावली, तेव्हा त्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. २००७ मध्ये नागपूर विभागात, म्हणजे वर्धा जिल्हा ज्यात येतो त्याच विभागात, आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा उद्भवला.

चांदीपुरा आणि सायटोमेगॅलो यांची कुळे भिन्न, रीती भिन्न. पण नावांच्या दृष्टीने ही जोडी उद्‌बोधक आहे. एकाला गावाचे नाव मिळाले. ते वृत्तपत्रांनी, आशा कार्यकर्त्यांनी, मातांनी पहिल्या दिवसापासून सहज उच्चारले. विदर्भातील खेड्यात 'चांदीपुरा' म्हटले की वाळूमाशी, भिंतींच्या भेगा, फवारणी आणि मुलाचा एकाएकी चढणारा ताप एवढे सगळे चित्र उभे राहते. गावाला मात्र त्याचा भुर्दंड बसतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या रोगांना स्थळांची, व्यक्तींची वा प्राण्यांची नावे देऊ नयेत असा दंडक घातला. दुसऱ्याला ग्रीक-लॅटिन संकर मिळाला. तो कोणाला लांछन लावीत नाही, आणि कोणाच्या तोंडीही बसत नाही. चांदीपुरा चोवीस तासांत जीव घेतो. त्याची दखल घ्यावीच लागते. सायटोमेगॅलो वर्षांच्या हिशेबाने कान नेतो. त्याची दखल घ्यावयाला कोणी मोकळे नसते.

कानाचा हा विषयच या इतिहासाचा गाभा आहे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग याने गरोदरपणी जर्मन गोवर झालेल्या मातांच्या मुलांत मोतीबिंदू दाखविला, तेव्हा मातांची स्मृती त्याच्या साहाय्यास आली; अंगावर पुरळ उठल्याचे त्यांना आठवत होते. सायटोमेगॅलोव्हायरस मातेला आठवण्यासारखे काहीच देत नाही. फार तर चार दिवस कणकण. तो वारेतून गर्भापर्यंत पोचतो आणि बाधित होऊन जन्मलेल्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ जन्मतः पूर्ण निरोगी दिसतात. त्या निरोगी दिसणाऱ्यांपैकी शेकडा १० ते १५ मुलांची श्रवणशक्ती पुढे कमी होते, कित्येकांची जन्मानंतर महिन्यांनी वा वर्षांनी. आनुवंशिक नसलेल्या बालबधिरत्वाच्या कारणांत या विषाणूला आज अग्रस्थान दिले जाते.

अशा मुलासाठी मराठीत शब्द आहे तो 'उपजत बहिरे'. या शब्दात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. दोष जन्माबरोबर आला, ही एक. आणि तो रक्तातून म्हणजे घराण्यातून आला, ही दुसरी. 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द पाठ्यपुस्तकांत वेगळे असले तरी बोलण्यात ते एकमेकांवर चढतात, आणि मग 'कोणाकडून आले' हा प्रश्न सुनेच्या माहेरापर्यंत जातो. सहा महिन्यांपर्यंत ज्या मुलाने ताटाच्या आवाजाला मान वळविली होती ते दोन वर्षांचे झाल्यावर हाकेला ओ देत नाही, तेव्हा आईने 'आधी ऐकत होते' असे सांगितले तरी तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. संशोधनाचा इतिहास त्या आईच्या बाजूने साक्ष देतो. 'मुका-बहिरा' हा जोडशब्दही असाच फसवा आहे. त्यातील मुकेपणा स्वतंत्र दोष नसून ऐकू न येण्याचा परिणाम असतो, आणि श्रवण लवकर तपासले तर तो पुष्कळदा टळतो.

१९६० नंतरचा प्रयोगशाळेतील इतिहास थोडक्यात सांगता येईल, कारण तो बराचसा तंत्राच्या वाढीचा आहे. मूत्रपिंडारोपण सुरू झाल्यावर, प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णांत दडलेला विषाणू जागा होतो हे दिसले. एड्सच्या काळात त्याने अनेकांचे दृष्टिपटल नासविले. १९८९ मध्ये गॅन्सिक्लोव्हिर हे औषध अमेरिकेत मान्य झाले. १९९० मध्ये केंब्रिज येथे एडी १६९ वाणाची सुमारे दोन लक्ष तीस हजार अक्षरांची जनुकसंहिता पूर्ण वाचली गेली. नंतर कळले की, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढविल्यामुळे त्या वाणाने काही जनुके गमावली होती. संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाला हे चटकन समजेल. शेकडो वेळा नकललेली पोथी मूळ पोथी राहत नाही. लसीचे प्रयत्न १९७४-७५ पासून चालू आहेत आणि सर्वमान्य लस अद्याप हाती नाही.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो एक गैरसमज दूर होणे. १९९२ मध्ये अलाबामातील अभ्यासकांनी असे दाखविले की, मातेला गरोदरपणाआधीच संसर्ग होऊन गेलेला असेल तर बालकाला गंभीर अपाय होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे असतात. तेव्हा आपल्या बालकांना भय नाही, असे अनुमान काढणे सोपे होते. परंतु २००८ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अलाबामाच्या सहकाऱ्यांसह दिल्लीजवळच्या अर्धनागर वस्तीतील नवजात बालके तपासली. जवळजवळ सर्व माता आधीच बाधित होऊन गेलेल्या होत्या, तरीही सुमारे २ टक्के बालके बाधित निघाली. दडलेला विषाणू पुन्हा जागा होतो, किंवा दुसऱ्या वाणाचा नव्याने संसर्ग होतो. प्रमाण थोडे, पण ज्या देशात जन्मांची संख्या एवढी मोठी, तेथे थोड्या प्रमाणाचीही बेरीज मोठी होते.

हा संसर्ग पसरतो तो मुख्यतः लहान मुलांच्या लाळेतून व मूत्रातून. येथे मराठीला परिभाषा घडविण्याची गरजच नाही. 'उष्टे' हा शब्द तयार आहे. एकाची लाळ दुसऱ्याच्या अन्नाला लागणे ही कल्पना एका शब्दात सांगणारी इतकी नेमकी संज्ञा युरोपीय भाषांत मिळणे कठीण. गंमत अशी की, उष्ट्याचे सारे निर्बंध पाळणाऱ्या घरातही आईला लेकराचे उष्टे वर्ज्य नसते. पहिल्या मुलाच्या ताटलीत उरलेला घास दुसऱ्या खेपेची गरोदर आई निःशंकपणे खाते, आणि विषाणूची वाट नेमकी तीच आहे. गरोदर स्त्रियांना परदेशी पत्रके आज जे सांगतात, म्हणजे लहान मुलाचा उरलेला घास खाऊ नये, लंगोट बदलल्यावर हात धुवावे, ते मराठीत दोन ओळींत सांगता येण्यासारखे आहे.

त्याऐवजी तालुक्याच्या गावात जो शब्द रूढ झाला तो 'टॉर्च'. १९७१ मध्ये नाहमियास व सहकाऱ्यांनी टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो व हर्पीज यांची आद्याक्षरे जुळवून हे लघुरूप तयार केले. मराठीत टॉर्च म्हणजे विजेरी. रात्री शेतात पाणी द्यायला जाताना हाती असते ती. 'बाईची टॉर्च करून आणा' असे सांगितले जाते आणि ऐकणाराला ती गर्भाशयात उजेड पाडून पाहण्याची काही तपासणी वाटली तर नवल नाही. उजेड मात्र पडत नाही. आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे असणे म्हणजे संसर्ग केव्हातरी होऊन गेला, एवढेच. ती या तालुक्यातील बहुतेक निरोगी स्त्रियांतही आढळणार. त्यावरून गर्भपाताचे कारण ठरत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांत ही तपासणी सरसकट करू नये, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. पण एकदा कागदावर 'पॉझिटिव्ह' उमटले की त्या स्त्रीला दोषी ठरवायला तेवढे पुरते, आणि मग औषधांवर व पुन्हा पुन्हा तपासण्यांवर संत्र्याच्या एका बहराचा पैसा जातो.

जी तपासणी खरोखर उपयोगी आहे ती मातेच्या रक्ताची नसून बालकाच्या लाळेची किंवा मूत्राची आहे, आणि तिला एक अट आहे. जन्मापासून २१ दिवसांच्या आत ती झाली पाहिजे. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो गर्भात लागला की नंतर आईच्या दुधातून वा अन्य मार्गाने आला, हे सांगता येत नाही; आणि आईच्या दुधातून येणारा तो पूर्ण दिवसांच्या बालकाला सहसा बाधत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने २०१९ मध्ये व अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये सर्व नवजात बालकांची या विषाणूसाठी चाचणी सुरू केली. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे, परंतु बधिरत्व ध्यानात येईपर्यंत ते २१ दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात.

मराठी घरात बाळाचे दिवस मोजण्याची स्वतःची रीत आहे. पाचवी, बाराव्या दिवशीचे बारसे, आणि मग सव्वा महिना. तोवर बाळ-बाळंतीण उंबरठा सहसा ओलांडत नाहीत. एकविसावा दिवस या मोजणीत बारसे आणि सव्वा महिना यांच्यामधल्या रिकाम्या जागेत पडतो. मात्र दुसरीही एक मोजणी आता गावात आली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून उभी राहिलेली घरपोच नवजात बालसेवेची पद्धत २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली गेली. तिच्यात आशाने बाळाच्या घरी जावयाचे दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्या भेटींत ती बाळाचे वजन करते, अंगाचा ताप पाहते, नाळ पाहते, ते नीट पिते की नाही विचारते आणि वहीत नोंद करते. वहीतील त्या रकान्यांत लाळेच्या बोळ्यासाठी रकाना नाही.